वृक्षतोडीची परवानगी आणि बदली झाडं: नियमात नेमकं काय बदलायला सांगावं?

निंबाखाली

मंडळी, आमच्या भागातले चार-सहा लोक मिळून महापालिकेला निवेदन द्यायचं ठरवतोय. विषय वृक्षतोडीची परवानगी आणि तिच्या बदल्यात लावायची झाडं. शहर खानदेशातलं आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर पहिल्या पानावरच 'तुमचं धुळं, आमचं जळगाव' सुरू होईल.

थोडी पार्श्वभूमी. शहरातल्या झाडांसाठी राज्याचा १९७५ चा कायदा आहे. २०२१ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. ५० वर्षं किंवा त्याहून जास्त वयाचं झाड हेरिटेज धरायचं आणि झाड तोडलंच तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावायची. म्हणजे साठ वर्षांचा निंब गेला की साठ रोपं. वाचायला फार छान वाटतं.

आमच्या रस्त्याच्या रुंदीकरणात दुतर्फा निंब गेले. बदली रोपं शहराबाहेर एका मोकळ्या जागेत लावली. मे महिन्यात मी ती बघायला गेलो. लोखंडी जाळ्या ओळीत उभ्या, आत वाळलेलं गाजरगवत. प्रत्येक रोपाला आधाराचा बांबू दिलेला, बांबूला पत्र्याची पट्टी आणि पट्टीवर ऑइलपेंटने घातलेला नंबर. नंबर ठसठशीत, बांबू ठणठणीत, फक्त रोप गायब. कागदोपत्री मात्र अट पूर्ण झाली, कारण 'लागवड केली' असा फोटोसह अहवाल फाईलला आहे.

माझं म्हणणं एवढंच की आपण लावलेली झाडं मोजतो, जगलेली मोजत नाही. निवेदनात पंचवीस मागण्या घातल्या की एकही वाचली जात नाही, हा अनुभव सगळ्यांनाच आहे. तेव्हा दोन-तीनच मागायच्या तर कोणत्या? अनुभव लिहा, विरोधही चालेल.

केळीचा_घड

नियम करणाऱ्यांना मेमध्ये दुपारी दोन वाजता त्या जाळीत उभं करा. साडेपंचेचाळीस अंशात पंधरा मिनिटांत मसुदा तयार होतो की नाही बघा.

गिरणाथडी

भो, झाड लावाले सगळा येतस, पानी टाकाले कोनी येत नही. फोटो काढाले मातर रांग लागस.

अ‍ॅड_मीनाताई

निंबाखाली, तुमचा मुद्दा बरोबर आहे, पण मागणी जरा जपून लिहा. 'झाडं जगवायची अट घाला' असं लिहिलंत तर 'अट आहेच' असं एका ओळीचं उत्तर येईल. आणि ते खोटंही नसेल. २०२१ च्या दुरुस्तीतच आहे की बदली रोप सहा ते आठ फूट उंचीचं हवं, त्याचं जिओ-टॅगिंग करायचं (म्हणजे नेमकी जागा नकाशावर नोंदवायची) आणि सात वर्षं ते जगवायचं. तोडायची झाडं दोनशे किंवा जास्त असतील तर प्रकरण राज्याच्या वृक्ष प्राधिकरणाकडे पाठवायची तरतूदही त्या दुरुस्तीत होती. अर्ज आला की वर्तमानपत्रात नोटीस द्यायची आणि त्या झाडावरही चिकटवायची, म्हणजे लोकांना हरकत घेता येते.

तेव्हा कायदा दुबळा आहे असं म्हणू नका. तपासायचं कोणी, कधी आणि नापास झालं तर काय, हे स्थानिक पातळीवर लिहिलेलं नसतं. मागणी तिथे करा.

आणखी एक. शहराच्या कडेला शेतजमीन असलेल्यांचा नेहमी गोंधळ होतो. शेतातल्या झाडांसाठी १९६४ चा वेगळा कायदा आहे. त्यात साग, चिंच, आंबा, मोह, खैर, अंजन अशी अनुसूचित, म्हणजे परवानगीशिवाय तोडता न येणारी झाडं आहेत. हद्दवाढ झाली की तीच झाडं शहराच्या कायद्याखाली येतात आणि लोक जुन्याच समजुतीने कुऱ्हाड चालवतात.

रोपवाटिका_पारोळा

सहा ते आठ फुटांवरून सांगतो, माझा धंदाच तो आहे.

ठेकेदार येतो आणि पहिलं विचारतो, 'उंच कोणतं आहे?' उंची मोजता येते ना! मग त्याला देतात लहान पिशवीत दोन-तीन वर्षं अडकून पडलेलं रोप. वरून आठ फूट, खाली मुळं पिशवीतच गोल गोल फिरलेली. सोटमूळ पिशवी फाडून जमिनीत गेलेलं असतं, ते रोप उचलताना कापलं जातं. मग ते आठ फुटी रोप आपल्या काळ्या जमिनीत, सावलीतून थेट उन्हात. पावसाळाभर हिरवं दिसतं, तेवढ्यात फोटो होतात. संक्रांतीनंतर शेंडा मान टाकतो.

त्यापेक्षा तीन-चार फुटी, मोठ्या पिशवीतलं, बुंधा अंगठ्याएवढा जाड असलेलं आणि महिनाभर उघड्या उन्हात ठेवून काटक केलेलं रोप कधीही चांगलं. दुसऱ्या वर्षी ते आठ फुटीला गाठतं. आता राज्याच्या कायद्यात उंची लिहिलीय म्हटल्यावर महापालिका ती बदलू शकणार नाही. पण पिशवीचा आकार आणि बुंध्याची जाडी टेंडरमध्ये लिहिता येते. एवढं जरी झालं तरी निम्मी मर टळेल असं माझं मत.

काळ्या जमिनीला मार्चपासून भेगा पडतात, हे तर सगळे बघतातच. त्या भेगांत कोवळी मुळं ताणून तुटतात आणि दिलेलं पाणी खाली निघून जातं. आळ्यात वीतभर पालापाचोळा घातला तर भेग पडत नाही. इकडे केळीचे खांब फुकट पडलेले असतात, त्यांचे तुकडे करून आळ्यात टाका, आठवडाभर ओल राहते. उधईचं, म्हणजे वाळवीचं, तेवढं बघावं लागतं.

केळीचा_घड

फुकट नाही राहिले आता खांब भाऊ, वाहतुकीचे पैसे पडतात. पण यावल-रावेरकडून रिकामा ट्रक येत असेल तर सांगा, माझ्या शेतातले घेऊन जा. मनापासून सांगतोय.

पांझराकाठ

तोडलेल्या झाडांवर एवढी चर्चा, पण न तोडता मारलेल्या झाडांचं काय?

आमच्या गल्लीत पेव्हर ब्लॉक बसवले. निंबाच्या बुंध्याला टेकवून, एक बोटही जागा सोडली नाही. पुढे गटारीसाठी चर खणला, त्यात एका बाजूची मुळं गेली. मग पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीत तारांच्या बाजूच्या सगळ्या फांद्या उडवल्या, दुसऱ्या बाजूच्या तशाच ठेवल्या. पहिल्याच वळवाच्या वादळात झाड आडवं, खाली दोन मोटारसायकली. दुसऱ्या दिवशी सगळे म्हणायला मोकळे, 'झाडं धोकादायक असतात.'

या तिन्हींपैकी एकालाही कोणाची परवानगी लागली नव्हती. कागदावर ते झाड नैसर्गिक आपत्तीत पडलं, म्हणून बदली झाडही नाही.

राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीच्या प्रकरणात २०१३ सालीच सांगितलंय, झाडाभोवती एक मीटर जागा काँक्रीटमुक्त ठेवा. माझी मागणी एकच: रस्त्याचं, फुटपाथचं, गटारीचं बिल काढताना उद्यान विभागाची सही बंधनकारक करा. एक मीटर मोकळं नसेल तर बिल थांबलं पाहिजे. बिल थांबलं की ठेकेदाराला झाड दिसायला लागतं.

निंबाखाली

पांझराकाठ, हे माझ्या डोक्यात नव्हतं. बिलाला जोडायची कल्पना आवडली.

चौथा_मजला

मी बांधकाम व्यवसायात आहे, आता काय मारायचे ते दगड मारा.

वयाइतकी झाडं हा नियम कागदावर चांगला आहे, पण जागा कुठंय? पंधराशे चौरस फुटांच्या प्लॉटवर चाळीस वर्षांचं झाड आडवं येतं. चाळीस रोपं लावू कुठे? गच्चीवर? मग पैसे भरा म्हणतात, आम्ही भरतो. त्या पैशांचं पुढे काय होतं हे आम्हाला कोणी सांगत नाही, तुम्हालाही नाही. भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी तपासणीला येतात तेव्हा काही महाभाग कुंड्या भाड्याने आणून ओळीत मांडतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मी नाही करत, विश्वास ठेवायचा तर ठेवा.

आणखी एक सांगतो. वयावर संख्या ठरते म्हटल्यावर वय कमी लिहून घेण्यात सगळ्यांचा फायदा असतो. निंबाचं वय ठरवणार कोण? घेर मोजून अंदाज करतात. कोरडवाहू माळावरचा निंब आणि विहिरीजवळचा निंब, दोघांचा घेर सारखा असला तरी वयात वीस वर्षांचा फरक पडू शकतो. पन्नाशीच्या आसपासचं प्रत्येक झाड अर्जात अठ्ठेचाळीस वर्षांचंच का असतं, याचा शोध घ्या.

भरीत_पार्टी

अठ्ठेचाळीसचं झाड! आमच्या आत्याबाई पण बरीच वर्षं अठ्ठेचाळीसच्याच आहेत.

अ‍ॅड_मीनाताई

चौथा_मजला, दगड नाही मारत, उलट आभार. वय ठरवण्याची पद्धत जाहीर असावी आणि मोजलेला घेर फोटोसह अर्जाबरोबर लोकांना बघता यावा, ही मागणी घेण्यासारखी आहे. कायद्यात दर पाच वर्षांनी वृक्षगणना आहेच. गणनेत त्या झाडाचा घेर नोंदलेला असेल तर अर्जाच्या वेळी वय 'लहान' करता येणार नाही.

सुलभा_काकू

माझ्या अंगणातला निंब सासऱ्यांनी लावलेला. त्याची एक जाडजूड फांदी आतून पोकळ झालीय आणि बरोबर शेजाऱ्यांच्या पत्र्यावर आलीय. परवानगीसाठी अर्ज दिला. पाहणी झाली, पावती मिळाली, पुढे काही नाही. शेजारी रोज विचारतात. फांदी पडली तर मी जबाबदार, कापली तरी मीच गुन्हेगार. आणि तिकडे रस्त्यासाठी अख्खी रांग एका आठवड्यात साफ होते!

मग लोक काय करतात माहितेय ना? बुंध्याला भोक पाडून काहीबाही ओततात. आमच्या मागच्या गल्लीत एका दुकानासमोरचा निंब असाच वाळला. दुकानाचा पत्र्याचा बोर्ड बुंध्याला बांधलेला होता. वादळात बोर्ड सरकला तेव्हा दिसलं, बोर्डामागे हातभर रुंद साल गोल सोलून काढलेली. व्यवस्थित, कोयत्याने, चारी बाजूंनी. वर्षभर ते झाड उभ्या उभ्या मरत होतं आणि आम्ही खालून जाऊन रोज किराणा आणत होतो.

तुमच्या निवेदनात घरमालकाच्या फांदीचा अर्ज ठरावीक दिवसांत निकाली काढा असं जरूर लिहा. सरळ मार्गाने जाणाऱ्याला वाट मिळाली तर आडमार्ग कमी होतील.

पांझराकाठ

काकूंशी शंभर टक्के सहमत. छाटणीचा अर्ज आणि तोडणीचा अर्ज एकाच ढिगात पडतो, तिथेच घोळ आहे.

सातपुडा_उतार

मला थोडा विरोध नोंदवायचा आहे. सगळे इतक्या पटकन एकमेकांना 'सहमत' म्हणताय की शंका येते.

परवानगी सोपी केली की तिचा उपयोग काकूंसारख्यांपेक्षा दुसरेच जास्त करतील. 'धोकादायक फांदी' या नावाखाली काय काय छाटलं जातं ते होर्डिंगसमोरच्या झाडांना विचारा. नियम कडकच हवेत. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने २०२१ मध्ये एका झाडाची किंमत वर्षाला ७४,५०० रुपये धरली होती. मथुरा-वृंदावनकडच्या ४५४ झाडांच्या प्रकरणात २०२५ मध्ये न्यायालयाने झाडामागे एक लाखाचा दंड मान्य केला. आपल्याकडे कोणाच्या खिशातून कधी असा पैसा गेलाय? एकदा जाऊ द्या, मग बघा.

चौथा_मजला

७४,५०० गुणिले साठ वर्षं, म्हणजे काकूंचा निंब चव्वेचाळीस लाख सत्तर हजारांचा. काकू, विकताय का? प्लॉटपेक्षा महाग आहे.

सुलभा_काकू

झाडासकट सासूबाईही घ्या म्हणावं लागेल, त्या त्याच्याखालून उठत नाहीत.

सातपुडा_उतार

चेष्टा ठीक आहे, पण मुद्दा सुटू नये. किंमत मोठी धरली म्हणजे ठोठावलीच पाहिजे असं नाही. पण रस्ता आखताना 'झाड वाचवून वळसा' आणि 'झाड तोडून सरळ' यांचा हिशेब मांडला जातो तेव्हा झाडाच्या रकान्यात लाकडाचा लिलावभाव असतो. निंबाचं जळाऊ लाकूड! त्या रकान्यात खरा आकडा आला तर आखणी करणारा दोनदा विचार करेल.

आसोद्याची_लेक

लहानपणीची गोष्ट सांगते, विषयांतर वाटलं तर सोडून द्या. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या पोरींसाठी गल्लीतल्या निंबाला झोके बांधायचे. वैशाखाचं ऊन, पण निंबाची नवी पालवी आलेली असायची आणि खाली गार. दोर कोणत्या फांदीला बांधायचा हे घरातली म्हातारी माणसं ठरवायची, आडवी आणि निबर बघून. परवा माहेरी गेले तर मंडळाने लोखंडी पाइपचा सांगाडा आणलेला, वर हिरवी जाळी. दुपारी पाइपला हात लावला तर चटका बसत होता. पोरी संध्याकाळी उतरल्या झोक्यावर, तोवर सगळ्या घरात कूलरसमोर.

निंबाखाली, तुमच्या बदली झाडांना माझा हाच आक्षेप आहे. आमच्या गल्लीतला निंब तोडून आठ किलोमीटरवर माळावर साठ रोपं लावली, समजा सगळी जगली. आमच्या गल्लीला काय मिळालं? बदली झाड त्याच प्रभागात लावायची सक्ती नको का?

रोपवाटिका_पारोळा

ताई, बरोबर आहे. फक्त प्रभागात जागा नसते असं सांगतात. खरं तर असते: शाळांची मैदानं, स्मशानभूमी, पाण्याच्या टाक्यांची आवारं, कॉलन्यांचे खुले भूखंड. खुल्या भूखंडांवर ज्यांचा डोळा असतो ते तिथे झाडं लावू देत नाहीत, एवढंच.

तापी_पूर्णा_संगम

कोणती झाडं यावर अजून कोणीच बोललं नाही? आमच्या कॉलनीत काशीद आणि पेल्टोफोरम लावले. भराभर वाढले, आता दर वादळात फांद्या मोडतात. नवीन फॅशन कोनोकार्पस या परदेशी झाडाची. गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली, आपल्याकडे दुभाजकांत हौसेने लावतात.

आणि मियावाकी! जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकींची पद्धत चांगली असेल, पण ती दाट जंगलाच्या मुलखासाठी. एका चौरस मीटरात तीन-चार रोपं कोंबायची आणि आकडा फुगवायचा. आपलं मूळ रान विरळ आहे. अंजन, सलई, पळस, मधे गवत. तशीच जागा ठेवा ना.

सातपुडा_उतार

मियावाकीला सरसकट शिव्या नकोत. आमच्या शाळेच्या आवारात केलंय, दोन उन्हाळे पाणी दिलं, आज आत पाखरं आहेत. पाणी दिलं की काहीही जगतं.

तापी_पूर्णा_संगम

पाणी दिलं की! सगळा धागा तिथेच येऊन थांबतोय. बदली लागवडीत मियावाकी एक झाड म्हणून मोजायचं की साठ? साठ मोजलीत तर प्रत्येक ठेकेदार दोन गुंठ्यांत अख्ख्या महामार्गाची भरपाई करून टाकेल. माझा आक्षेप त्या मोजणीला आहे.

सातपुडा_उतार

हे मान्य. मोजणीत मियावाकी वेगळं धरा.

भरीत_पार्टी

मेहरूणच्या बोरीचा कोणी उल्लेखच केला नाही, निषेध. जळगावच्या मेहरूणची बोरं एके काळी लांबलांब जायची. बोरीला पाणी नको, शेळी तोंड लावायला विचार करते, वादळात पडत नाही. पण लागवडीच्या यादीत बोर कधी दिसली? काटे असतात म्हणून नको. गुलमोहर पाहिजे, तो थेट मादागास्करहून आणलेला.

गिरणाथडी

बोर लावा, पन मंग पोरं दगड मारतीन, बोर्ड फुटतीन, आनि झाड धोकादायक ठरी.

बारीपाड्याचा_पाहुणा

साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याचं उदाहरण द्यावंसं वाटतं. चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली ते गाव. तिथे सरकारी नियमाच्या आधी गावाने स्वतःचा नियम केला, जंगलात कुऱ्हाड लावली तर दंड. राखणही गावानेच केली. दरवर्षी वनभाज्यांचा महोत्सव भरतो तिथे, एकदा जाऊन याच. धुळे तालुक्यातल्या लामकानीतही चराईबंदी, कुऱ्हाडबंदी करून आधी गवत येऊ दिलं, झाडं मागाहून आली. राखण करणारा माणूस असला तर लावावंच लागत नाही, आपोआप येतं.

शहरात असं का होत नाही?

चौथा_मजला

कारण शहरात झाड कोणाचंच नसतं. गावाला त्या जंगलातून भाजी, सरपण, पाणी मिळतं. माझ्या गिऱ्हाईकाला निंबापासून पानगळ आणि पार्किंगची अडचण मिळते. कडू आहे, पण रोज ऐकतो. 'साहेब, गाडीवर पाखरं घाण करतात.' आणि तोच माणूस मेमध्ये गाडी लावायला सावली शोधत पाच चकरा मारतो.

हिशेबनीस

घरपट्टीच्या पावतीवर 'वृक्ष उपकर' नावाची ओळ असते. रक्कम किरकोळ, म्हणून कोणी बघत नाही. पण शहरभराचा गोळा केला तर किरकोळ राहत नाही. माहिती अधिकारात विचारा: किती जमला, कशावर खर्च झाला. मी विचारलं होतं, उत्तरात 'उद्यान विकास' असं मोघम शीर्षक आलं. त्यात कारंजी, बाकडी, रंगरंगोटी सगळं बसतं. हा पैसा फक्त झाडांच्या पाण्यावर आणि राखणीवर खर्च व्हावा, एवढी एक ओळ नियमात घाला. बाकी तुमच्या सगळ्या मागण्यांना 'निधी नाही' हे उत्तर येणार आहे, त्याची सोय आधीच करून ठेवा.

निंबाखाली

सगळ्यांचे आभार, धागा अपेक्षेपेक्षा कामाचा झाला. आता पुन्हा मूळ प्रश्नावर येतो.

आमच्यात काल बसून ठरलं की मुख्य मागणी अनामतीची करायची. बदली झाडं लावणाऱ्याने, मग तो बिल्डर असो, ठेकेदार असो की सरकारी खातं, झाडामागे अनामत ठेवायची. अनामत बऱ्याच ठिकाणी आताही घेतात, पण ती लागवडीचा फोटो दिला की परत मिळते किंवा कोणी मागायलाच येत नाही. आमचं म्हणणं, ती टप्प्याटप्प्याने परत द्यावी आणि प्रत्येक टप्प्याची पाहणी जूनच्या पहिल्या आठवड्यात व्हावी, पाऊस पडण्याआधी. ऑगस्टमध्ये केलेली पाहणी ग्राह्य धरू नये. त्याच्या जोडीला पांझराकाठ यांची एक मीटरची अट आणि काकूंच्या छाटणीच्या अर्जाची मुदत. तीन झाल्या. प्रभागाचा मुद्दा अनामतीच्या कलमात घालता येईल असं वाटतं.

अ‍ॅड_मीनाताई

जूनची पाहणी हे चांगलं सुचलं. फक्त पाहणीचा दिवस आणि जागा आधी जाहीर करा, कोणाही नागरिकाला हजर राहता आलं पाहिजे, असं लिहा. आणि सरकारी खात्याला अनामत लागू होणार नाही असं उत्तर येईल. त्यावर लिहून ठेवा: खात्याला अनामत नाही, पण आधीची झाडं जगल्याचा दाखला असल्याशिवाय पुढच्या तोडीचा अर्ज विचारात घेऊ नये.

चौथा_मजला

सात वर्षं पैसा अडकवला तर तो खर्च फ्लॅटच्या भावात जाणार, हे स्पष्ट सांगतो. तीन करा. तीन उन्हाळे काढलेला निंब पुढे मरत नाही.

सातपुडा_उतार

कायद्यात सात आहेत, तुम्ही तीनवर का घासाघीस करताय?

रोपवाटिका_पारोळा

दोघांचंही बरोबर आहे. पाणी तीनच उन्हाळे लागतं. राखण सात वर्षं लागते, शेळ्या, जाहिरातवाले आणि केबलवाले यांच्यापासून. अनामतीचा मोठा हिस्सा तिसऱ्या जूनला परत द्या, उरलेला सातव्याला.

रक्कम किती, हे हवेत ठरवू नका. हिशेब सोपा आहे. एका रोपाला आठवड्याला तीस लिटर धरा. दहा हजार लिटरचा टँकर, सांडलवंड धरून तीनशे रोपांना पुरतो. नोव्हेंबर ते जूनच्या मध्यापर्यंत साधारण तीस आठवडे. म्हणजे तीनशे रोपांना वर्षाला तीस टँकर, तीन वर्षांत नव्वद. त्यात एका माणसाची मजुरी मिळवा. अनामत या खर्चापेक्षा कमी ठेवली तर ठेकेदार पाणी घालण्यापेक्षा अनामत सोडून देईल. त्याचं गणित आपल्यापेक्षा पक्कं असतं.

हिशेबनीस

हे गणित निवेदनाला जोडा, शब्दांपेक्षा ते लवकर वाचलं जाईल. टँकरचा दर मात्र मेमधला धरा, डिसेंबरमधला नको.

निंबाखाली

मेमधला दर कोणाकडे आहे? पावती असेल तर उत्तम. सोमवारी मसुदा टाइप करायचा आहे.

केळीचा_घड

माझ्याकडे आहे, बागेला टँकर लावले होते. घरी गेलो की शोधतो. खांब न्यायला कधी येताय ते पण सांगा.